चार सेकंद, हातात फ्लॉवर

ग्रिम्सबीत भिंती पातळ.
पलीकडे मारीविक हसली
की माझ्या कपाटातल्या बश्या किणकिणतात.
एकच हसू ती तीनदा हसायची.
पहिलं खरं.
दुसरं, उजेड नीट नव्हता म्हणून.
तिसऱ्याच्या वेळी मी टीव्ही बंद करून बसायचो,
त्यांच्या कामात आपला आवाज नको.

सुरुवात एका खोक्यापासून.
इलोइलोला घरी पाठवायचं खोकं,
त्यात साबण, डबाबंद मांस,
सासऱ्यांना लोकरी बनियन (तिथल्या उकाड्यात!)
आणि माप घ्यायला खुद्द क्रिसांतो आत बसलेला.
अकरा जणांनी पाहिलं,
त्यातल्या सात आत्या-मावश्या.

मग जानेवारीतल्या एका मंगळवारी, गारा पडताना,
तो कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यावर आला
कमरेला टॉवेल, वर बायकोचं जाकीट,
आणि डब्याला जोडीला घेऊन नाचला.
चार लाख लोकांनी पाहिलं.
मागे मी आहे. चार सेकंद.
हातात फ्लॉवर, तोंड उघडं.
देवगडहून आईचा फोन: वाळलास रे.
आणि तो फ्लॉवर केवढ्याला?

पैसा आला.
म्हणजे आधी बातमी आली, पैसा बऱ्याच दिवसांनी.
गोल दिवा आला, चंद्राचं नुसतं रिंगण.
पैसे पाठवायच्या ॲपवाले आले,
गोरं करणाऱ्या साबणाचे आले.
मारीविक म्हणाली, आई जन्मभर हाच लावते,
आहे तशीच आहे. नाही म्हणून सांगितलं.
पुढच्या वादळात चुलत दिराचं छप्पर उडालं
आणि ती हो म्हणाली.

तिकडे सगळ्यांना वाटायचं
यांच्याकडे नळाला पैसा येतो.
कुणाचे दात, कुणाची फी,
कुणाला तीनचाकी, तीही लाल.
ही रात्रभर वॉर्डात, सकाळी भुवया रेखून
मगांदांग उमागा!
मी ते इतक्यांदा ऐकलं
की एकदा साहेबालाच म्हणालो.

एका व्हिडिओत तिच्या मागे पलंग दिसला,
पलंगाखाली कुणा म्हातारीच्या सपाता.
नुसत्या सपाता.
तरी हॉस्पिटलने बोलावलं.
तीन खुर्च्या, पाण्याचा जग, बंद दार.
व्हिसाची प्रत आणा म्हणाले,
हे दुसरं उत्पन्न कसलं तेही लिहून द्या.
त्या आठवड्यात भिंत गप्प.
मला झोप येईना.

मार्चमध्ये क्रिसांतोचे वडील गेले.
तिकिटापुरते पैसे होते,
पण मुदतवाढीचा अर्ज अडकलेला;
देश सोडला की अर्ज मेला.
त्यांनी मला बोलावलं. का, ते नाही सांगितलं.
मी वरण-भात घेऊन गेलो.
फोनवर शवपेटी, फिरता पंखा,
रात्र जागवायला पत्ते कुटणारी माणसं.
क्रिसांतो उठला, सवयीने स्टँड लावला,
दिवा पेटवला,
बापाच्या फोटोवर उजेड नीट पडतो का पाहिलं.
मग त्याचे हात थांबले.
मारीविकने ओट्यावरचं फडकं घेऊन
कॅमेऱ्यावर टाकलं,
रात्री पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसं.
कोणी काही बोललं नाही.
ती सुके मासे तळायला लागली
आणि त्या वासात मी थेट आमच्या खळ्यात,
वाळत घातलेल्या बांगड्यांवरचे कावळे हाकताना.
हे त्यांना सांगणार होतो. राहिलं.

जूनमध्ये पुन्हा सुरू केलं. हप्ते आहेत.
हसू आता दोनदाच.
बघणारे गळतायत, क्रिसांतो म्हणतो,
आठवड्याला शंभरेक, केसांसारखे,
आणि स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवतो.

मंगळवारी तो डबा बाहेर काढतो, माझाही.
आज गारा होत्या. मी खिडकीत.
झाकणावर ताशा वाजावा तशा वाजत होत्या.
तो थांबला,
एक पाय उचलला,
रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं
आणि पाय खाली ठेवला.